खरी अप्पर हट

सुमेधने फोनवर एकच वाक्य सांगितलं होतं. "आई, मी आता अप्पर हटला राहायला आलोय."

अप्पर हट हे वेलिंग्टनजवळचं गाव आहे, तिथून ऑफिसला रेल्वेने जाता येतं, हा भाग सांगायचा राहून गेला. सुमेधला तो सांगण्यासारखा वाटला नाही. पुण्यात त्याची आई सरोज हिने मग त्या वाक्याचा तिच्या परीने सरळ अर्थ लावला. अप्पर म्हणजे वरची. हट म्हणजे झोपडी. मुलगा न्यूझीलंडच्या कुठल्याशा डोंगरावर झोपडीत राहतो. आयटीवाला असला म्हणून काय झालं, हल्ली सगळे घरूनच काम करतात. घर कुठे असावं याला काही कायदा नाही. त्याचं लग्न का जमत नाही, हेही तिला त्याच दिवशी उमगलं.

ही बाई भूगोलाची निवृत्त शिक्षिका होती, हे इथे नोंदवून ठेवलेलं बरं.

न्यूझीलंडला जायचं ठरल्यापासून ती दर रविवारी सिंहगड चढू लागली. डोंगरात चालायचे बूट घेतले. लांबी कमीजास्त करता येणारी अॅल्युमिनियमची काठी घेतली. सोसायटीत लोक विचारायचे, मुलाकडे जायला एवढी तयारी? त्यावर सुमेधचे बाबा, जनार्दनराव, गंभीरपणे म्हणायचे, "अवघड जागी राहतो हो." ते स्वतः आले नाहीत. झोपडीत कमोड असेल का, याबद्दल त्यांना खात्री नव्हती आणि विचारायची लाज वाटत होती.

ऑक्टोबरात आई आली. सुमेधने तिच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. तिचे पाय चांगले खणखणीत होते, निदान त्याला तसं वाटत होतं. पण परदेशातली मुलं आईवडिलांसाठी व्हीलचेअर मागतातच. म्हणजे मधल्या विमानतळावर ढकलणारा माणूस बरोबर त्या दारापर्यंत नेतो आणि कोणी चुकून भलत्या देशात जात नाही. आई त्यामुळे बरोबर देशात उतरली. तिची मोठी बॅग मात्र, ज्यात ती काठी होती, कुठेतरी उतरून पडली आणि चार दिवसांनी एकटीच जग बघून आली. तेव्हापासून आईचं एक मत झालं: हातातून सुटलेलं सामान आपलं नाही.

आणि विमानतळावर एक अद्भुत गोष्ट घडली होती. बुटांना माती आहे, असं तिने प्रामाणिकपणे सांगितलं. बाहेरची माती देशात नको म्हणून गणवेशातल्या माणसाने बूट आत नेले आणि घासूनपुसून, ओले पण लख्ख, दोन्ही हातांनी आणून दिले. "सरकार बूट धुऊन देतं रे इथे," ती गाडीत बसल्यावरही म्हणत होती. "आपल्याकडे सरकारच्या दारात बूट काढावे लागतात."

मग गाडी अप्पर हटला पोचली. सपाट रस्ता, सुपरमार्केट, रेल्वे स्टेशन, कोपऱ्यावर दूध-पाव विकणारी डेअरी, आणि गॅरेज असलेलं बैठं घर. आई उतरली, बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि विचारलं, "आता इथून किती चढायचंय?"

"कुठे?" सुमेध म्हणाला.

"घरी."

सुमेधने दाराकडे पाहिलं. "तीन पायऱ्या आहेत."

आईचा चेहरा उतरला. त्यानंतर ते लख्ख बूट दाराशी, परीक्षाच रद्द झालेल्या मुलासारखे, बसून राहिले. आई जाता-येता त्यांना सांगायची, "बसा. साहेबांची हट बघा. खिडक्यांना दुहेरी काच, डबल ग्लेझिंग आहे." शेवटी जानेवारीत सुमेधने हात टेकले. दक्षिणेच्या बेटावर, हिमनदीच्या समोरच्या डोंगरावर मुक्कामाची एक खरीखुरी हट होती. तिथे त्याने दोन बिछाने आरक्षित केले आणि क्वीन्सटाउनच्या विमानाची तिकिटं काढली. सुमेध स्वतः आजवर ऑफिसच्या चौथ्या मजल्यापेक्षा उंच कुठे चढला नव्हता, आणि तिथेही लिफ्ट होती.

"हातातलंच सामान न्यायचं," आईने जाहीर केलं.

"आई, हातात माणशी सातच किलो चालतं."

"मग सात न्यायचं."

बॅग काट्याला लटकवली, तर ती अकरा भरली. आईने शांतपणे बॅग उघडली. "अंगावर घातलेल्या वस्तूला वजन नसतं," ती म्हणाली. हे विधान भूगोलाचं नव्हतं, पदार्थविज्ञानाचंही नव्हतं, पण विमान कंपनीच्या नियमात ते तंतोतंत बसत होतं. इकडच्या ऐन उन्हाळ्यात सुमेधने तीन टी-शर्ट, एक लोकरी बनियन आणि दोन जाकिटं घातली. आईने पँटीवर पँट चढवली. खिशांत बेसनाचे लाडू, लसणाची चटणी, विजेरी आणि मेतकुटाची पुडी गेली. छोटं पातेलं डोक्यावर घालता येईल का, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी वर हटमध्ये भांडी असतात हे सुमेधने वेबसाइटवर दाखवलं, तेव्हा पातेलं मागे राहिलं. काठी आखूड करून आईने हातात घेतली.

वेलिंग्टनच्या विमानतळावर दारातच एक तरुण उभा होता. फिजीचा होता, छातीवर नाव होतं रमण, आणि त्याच्यापुढे रिकामी व्हीलचेअर होती.

"मिसेस सरोज?"

सुमेध दारातच थबकला. आईचं नाव घातलं की जुनी व्हीलचेअर तिकिटाबरोबर आपोआप येते, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मला चालता येत नाही, असं तू लिहून दिलंयस?" आईने विचारलं.

"जुनं आहे ते. मी सांगतो त्याला, नको म्हणून."

"असं कसं? माणूस एवढी खुर्ची घेऊन आलाय. त्याला रिकाम्या हाती परत पाठवायचं?" आणि आई बसली.

मग वेलिंग्टनच्या विमानतळावरून एक मिरवणूक निघाली. पुढे खुर्चीत आई: डोंगरात चालायचे बूट, दोन पँटी, मांडीवर पाठपिशवी, हातात चोपदारासारखी उभी धरलेली काठी. मागे रमण. त्याच्यामागे घामाने निथळणारा, कोबीच्या गड्ड्यासारखा पदरापदरांचा सुमेध. रांग आपोआप दुभंगली. एका गृहस्थाने आईचे बूट पाहिले, चाकं पाहिली, आणि पुन्हा बूट पाहिले. त्याचं काय मत झालं ते कळलं नाही.

तपासणीच्या पट्ट्याशी भरदार अंगाच्या, केसांचा उंच अंबाडा घातलेल्या एक अधिकारी बाई होत्या. "किया ओरा," त्या म्हणाल्या.

"किया ओरा," आई म्हणाली. हे माओरी अभिवादन तिला फार आवडायचं. नमस्काराला दोन्ही हात लागतात, यात एकही लागत नाही.

मेतकुटावर त्यांनी कागदाची पट्टी फिरवली आणि ती स्फोटकं हुडकणाऱ्या यंत्रात घातली. यंत्र विचारात पडलं. पिवळी, हिंगाचा वास येणारी पूड. मग यंत्रावर हिरवा दिवा लागला आणि मेतकूट निर्दोष सुटलं.

काठीवर मात्र गाडी अडली. बाईंनी ती हातात घेऊन लांब केली, आखूड केली. "हायकिंगच्या काठ्या केबिनमध्ये चालत नाहीत," त्या सुमेधला म्हणाल्या. "चालायला लागणारी काठी चालते. ही त्यातली कुठली?"

सुमेधने भाषांतर केलं. "आई, त्या विचारतायत, ही काठी आहे का काठी?"

"काठीच आहे. त्यात विचारायचं काय?"

"तसं नाही गं. म्हणजे डोंगर चढायची काठी, का चालायची काठी?"

"डोंगर चढताना काय उडतात?"

सुमेधने दोन्ही भाषांत शब्द शोधले आणि दोन्हीकडून तो रिकाम्या हाती परतला. मागे रांग वाढत होती. बाईंनी सरळ आईकडे मोर्चा वळवला. "ही तुम्हाला लागते का, लव्ह?"

आईने इंग्रजी जुळवलं. "गोइंग अप, नो प्रॉब्लेम. कमिंग डाउन, प्रॉब्लेम."

"कुठून खाली येताना?"

"अप्पर हट."

बाई जरा थांबल्या. "मी अप्पर हटलाच राहते," त्या म्हणाल्या. "तिथे उतरण्यासारखं काहीच नाही."

"येस," आई दुःखाने म्हणाली. "आय ऑल्सो फाउंड."

मग तिने पहिली पँट वर केली, आणि तिच्याखालची दुसरी. उजव्या गुडघ्याला दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या असलेला जाड पट्टा आवळलेला होता. गुडघा पपईएवढा सुजला होता. सुमेधने तो तीन महिन्यांत पाहिलेला नव्हता. तीन महिने आई पायघोळ गाऊनमध्ये होती, आणि तो स्क्रीनमध्ये.

बाईंनी गुडघा पाहिला, बूट पाहिले, आईच्या तोंडाकडे पाहिलं. "वॉकिंग स्टिक," त्यांनी निकाल दिला आणि काठी दोन्ही हातांनी परत केली.

मिरवणूक विमानाच्या फाटकाशी पोचली. रमण पाणी आणायला गेला तसा सुमेध फुटला. "हे काय आहे आई?"

"गुडघा."

"कधीपासून?"

"अर्धा सिंहगडावर गेला, अर्धा वयाने. पुण्याला परत गेले की बदलायचाय. डॉक्टरांनी तारीख दिलीय. नव्या गुडघ्याने बाजारात जायचं, गॅलरीत उभं राहायचं. चढायचं नाही."

"मग आपण परत फिरतोय. आत्ता."

"ऐक." आईने आवाज वर्गातल्यासारखा खाली आणला, तो खाली आला की मागच्या बाकावरचीसुद्धा गप्प व्हायची. "जन्मभर मी फळ्यावर हिमनदी काढली. निळ्या खडूने. बर्फाचा गोळासुद्धा पाहिलेला नाही मी, फ्रिजमधला सोडून. नवा गुडघा डॉक्टरांचा. हा माझा आहे. याने मला इतकी वर्षं वर नेलंय. याला एकदा हिमनदी दाखवायची आणि मग निरोप द्यायचा. तू नाही म्हणालास तर फिरू परत."

तिचा हट्ट ऐकायची सुमेधला सवय होती. तिने परवानगी मागितलेली ऐकायची सवय नव्हती. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात घोषणा झाली, रमण आला, आणि व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यांच्या आधी विमानात चढवतात म्हणून आईला घेऊन गेलासुद्धा. सुमेधचा निर्णय तोंडातच राहिला.

आईला उजव्या खिडकीची जागा मिळाली. बराच वेळ खाली नुसता ढगांचा कापूस होता. मग तो संपला, आणि उजवीकडे डोंगर सुरू झाले, ते संपेचनात. एखाद्या राक्षसिणीने पांढरी दुलई झटकली आणि ती हवेत फुगलेली असतानाच गोठली, तसं दिसत होतं. सुमेध या देशात चार वर्षं राहत होता. एवढं सगळं बाजूला पडलेलं असताना आपण चार वर्षं काय बघत होतो, हे त्याला आठवेना. आईने कपाळ काचेला टेकवलं होतं. हवाईसुंदरीने चहा विचारला; आई चहाला नाही म्हणाली. हे सुमेधने आयुष्यात प्रथमच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं चढू लागली. आधी बीच नावाच्या झाडांचं शेवाळलेलं रान, मग पिवळं गवत, मग नुसते दगड. आईची चाल शाळेत जाणाऱ्या बाईंची होती: घाई नाही, थांबणं नाही. सुमेधची चाल शाळेतून हाकलून दिलेल्या मुलाची. उतरणारी गोरी पोरं "गुड ऑन या" म्हणजे शाब्बास म्हणत जायची, आई प्रत्येकाला "किया ओरा" करायची, आणि सुमेध नुसता हात हलवायचा, कारण हवा मोजकी होती.

मध्ये एका सपाट खडकावर तो बसला. वर दगडांची उभी उतरंड दिसत होती. "आई, इथवर झालं ना? इथूनही दिसतंय की थोडंसं. उतरूया."

"दुखतं कधी? उतरताना," आई म्हणाली. "म्हणजे न दुखणारं सोडून दुखणारं करायला लावतोयस."

या युक्तिवादात कुठेतरी भोक होतं. सुमेध ते शोधत राहिला आणि शोधता शोधता वर पोचला.

हट लालचुटूक होती, काड्यापेटीसारखी, आणि तिच्यापुढे जग संपत होतं. दरीच्या पलीकडे डोंगराची आख्खी भिंत निळ्या-पांढऱ्या बर्फाने लिंपलेली होती. तिच्यावरून एक भेगाळलेली, मळकी, अवाढव्य जीभ खाली लोंबत होती. ती हलत नव्हती. ती हलत होती, पण माणसाच्या घड्याळात नव्हे. तेवढ्यात पलीकडे बर्फाचा एक तुकडा निसटला. इथून तो साखरेच्या चिमटीएवढा दिसला. तो पडला, धूर झाला, धूर विरला. सगळं संपल्यावर आवाज आला, पोटातून, जमिनीतून. सुमेधने आधार म्हणून हटची भिंत धरली. ऑफिसमध्ये परवा एका बटणाच्या रंगावर तासभर झालेलं भांडण त्याला आठवलं. त्याची बाजू बरोबर होती. आता ती कुठली होती तेही आठवेना.

आई पुढे कठड्याशी गेली. तिने दरीच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत बोट फिरवलं, हवेत एक आकार काढला.

"यू," ती म्हणाली.

कठड्यावर बसलेल्या जर्मन मुलीला वाटलं, आपल्याला म्हणतायत. "मी?" तिने विचारलं.

"नो नो. व्हॅली. रिव्हर मेक्स व्ही. ग्लेशियर मेक्स यू." आई सुमेधकडे वळली. "खरंच यू आहे रे. मी आपली पुस्तकात आहे म्हणून शिकवत होते."

मग तिने दोन्ही पँटी वर केल्या, पट्टा सोडला आणि उघडा, सुजलेला, जुना गुडघा हिमनदीकडे करून ती उभी राहिली. कोणी हसलं नाही. एका दाढीवाल्याने टोपी काढली. कदाचित डोकं खाजवायला असेल. पलीकडे आणखी एक चिमूट साखर सांडली, आणि सगळे आवाजाची वाट बघत थांबले.

रात्र हटमध्ये काढून दुसऱ्या दिवशी उतरताना व्हायचं ते झालं, फक्त भलत्याला झालं. सुमेध पाऊलभर पुढे, मान मागे वळवून आईच्या गुडघ्यावर नजर ठेवून चालला होता. त्यामुळे स्वतःच्या पायाखालचा दगड त्याला दिसला नाही. डावा घोटा वळला, कट्‌ असा आवाज आला आणि तो गवतात बसला.

आईने घोटा दाबून पाहिला. "मोडलेला नाही. मुरगळलाय." मग काठी पुढे केली. "घे."

"वेडी आहेस का? तुला उतरताना लागते."

"तुझं ओझं कोण उचलणार? घे म्हणते ना!"

शेवटी काठी मध्ये धरली, दोघांनी मिळून. चार पायांपैकी दोन धड, आणि एक अॅल्युमिनियमचा. एक दगड तो विव्हळायचा, एक दगड ती. सकाळी मागे टाकलेली सगळी माणसं एकेक करून पुढे गेली. त्या जर्मन मुलीने दोघांच्या पिशव्या खाली नेऊन ठेवल्या. ऊन डोंगरावरून वर वर सरकत गेलं, आणि ती दोघं खाली खाली. "आई, दुखतंय?" "बोलू नकोस, बघून पाय टाक." खाली भाड्याच्या गाडीशी पोचल्यावर तिने वळून पाहिलं. हट तिथून दिसत नव्हती. "एवढ्या वर होतो आपण?" ती स्वतःशीच म्हणाली. सुमेधचंही काही निराळं म्हणणं नव्हतं.

क्वीन्सटाउनच्या विमानतळावर व्हीलचेअर तयार होती. एकच.

"तू बस," सुमेध म्हणाला.

"तुझा पाय भोपळा झालाय. तू बस."

"तुझ्या नावाची आहे."

"माझ्या नावाचं घरही तू वापरत होतास लहानपणी."

खुर्ची ढकलणारी मुलगी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. आईला तिची दया आली. रिकामी खुर्ची परत न्यायला लावणं बरं नव्हे. तिने दोघांच्या पाठपिशव्या उचलून खुर्चीत बसवल्या आणि पट्टा लावला.

तपासणीशी मिरवणूक पोचली ती अशी: पुढे ऐटीत सामान, मागे ढकलणारी मुलगी, आणि तिच्यामागे एका काठीला दोन बाजूंनी लटकलेले मायलेक, उजवा-डावा, उजवा-डावा, लंगडत. इथले अधिकारी वयस्क होते. त्यांनी पिशव्यांकडे पाहिलं. पिशव्यांना काही विचारण्यात अर्थ नव्हता.

"ही हायकिंगची काठी, की चालायची?" त्यांनी विचारलं.

"चालायची," सुमेध म्हणाला. इतकं खरं तो कुठल्याच अधिकाऱ्याशी कधी बोलला नव्हता.

"कोणाला लागते?"

"हिला," सुमेध म्हणाला.

"ह्याला," आई त्याच क्षणी म्हणाली, मराठीतच.

दोन बोटं एकमेकांकडे रोखलेली होती. अधिकाऱ्यांनी भुवई वर केली, मग खाली केली. "स्वीट अॅज," ते म्हणाले, म्हणजे तिथल्या बोलीत 'झकास', आणि काठी पट्ट्यावरून पलीकडे गेली.

परतीच्या विमानात डोंगर डावीकडे येणार होते. आईने डावी खिडकी मागून घेतली होती, पण बसल्यावर ती चुळबुळ करू लागली.

"काय झालं?"

"उजवा गुडघा अलीकडे येतो रे. जाताना खिडकीशी होता."

सुमेधने इकडेतिकडे पाहिलं. सीटच्या पट्ट्याचा दिवा विझला तसा तो वाकला. आईचा उजवा पाय, बुटासकट, दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि तिच्या डाव्या मांडीवर आडवा केला, इतका सावकाश, की सुजलेल्या गुडघ्याला कळूही नये. मग तो गुडघा काचेकडे वळवून तसाच धरून ठेवला. खाली हिमनद्या सुरू झाल्या होत्या.

"यू," आई म्हणाली.

त्याचे हात भरून आले, पण त्याने ते काढले नाहीत. चहा आला आणि पुढे गेला. दोघांनीही बघितलं नाही.